तळ दिसला त्या दिवशी

मित्रांनो, मला पाहिल्यावर तुम्ही म्हणाल, हे कुठल्या तरी पिंपाचं झाकण दिसतंय. सगळे असंच म्हणतात. एकदा तर तपासणीला आलेल्या एका पाहुण्याने मला टेबलावर आडवी पाहिली आणि सरळ माझ्यावर गरम चहाचा कप ठेवला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण बोलणार कशी? म्हणून आज तुम्हालाच सांगते. मी झाकण नाही. तळ्याचं पाणी किती नितळ आहे ते मोजणारी मी तबकडी आहे. आता म्हातारी झाले, कडा झिजल्या, रंगाचे पापुद्रे निघाले. तरीही झाकण म्हटलेलं मला खपत नाही.

माझी गोष्ट फारशी आनंदाची नाही. फुगवून सांगायची मला सवय नाही आणि झाकून ठेवायचीही नाही. जे दिसलं ते जसंच्या तसं दाखवायचं, एवढंच माझं काम होतं. ते मी चोख केलं, आणि तरीही माझ्यामुळे एक मोठा घोटाळा झाला. तो कसा झाला ते ऐका.

एका पत्रेवाल्याने पाण्याच्या टाकीच्या उरलेल्या पत्र्यातून मला गोल कापलं. मधोमध भोक पाडलं. मग एका रंगाऱ्याने माझे चार भाग केले, दोन पांढरे आणि दोन काळे, समोरासमोर. पाण्यात गेल्यावर हे पांढरं-काळं डोळ्याला चटकन दिसतं. माझ्या पोटाखाली लोखंडाचा गोळा बांधला, म्हणजे मी सरळ खाली जावं. मधल्या भोकातून दोरी ओवली आणि त्या दोरीला दर हातावर एक गाठ मारली. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. तो हात होता तात्यांचा, आणि तात्या होते चांगले उंच. त्यामुळे वरच्या कचेरीतले साहेब थट्टेने म्हणायचे, "तात्या, तुमच्या मापाने आमचं तळं फुकटच उथळ झालं."

तात्या त्या तळ्याचे राखणदार. तळ्याच्या काठावर त्यांची एका खोलीची कचेरी होती. एक टेबल, एक कपाट, खिडकीजवळ फळीवर काचेच्या रिकाम्या बाटल्या आणि दाराशेजारी माझी खुंटी. टेबलावर नोंदींची जाडजूड वही असायची. तात्यांचं अक्षर इतकं सुबक की वही पाहणारा आधी अक्षराचंच कौतुक करायचा. तात्यांना ते आवडायचंही, कशाला खोटं सांगू!

दर सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला तात्या मला खांद्यावर टाकून नावेत बसत. तळ्याच्या मध्यावर गेलं की नावेच्या सावलीच्या बाजूने मला हळूहळू खाली सोडत आणि गाठी मोजत. मी दिसेनाशी झाले की थांबत. मग थोडं वर ओढत. मी पुन्हा दिसले की तिथली गाठ बघत. दोन्ही आकड्यांच्या मधला आकडा वहीत चढे. त्या काळात तो बहुतेक चार असायचा. चार गाठींच्या खाली हिरवट धुकं असायचं आणि त्यात मी नाहीशी व्हायचे. त्या धुक्याचा मला राग यायचा. आपण इतकं लख्ख रंगवून घ्यावं आणि या पाण्याने आपल्याला गिळून टाकावं, असं मला वाटे. मी तेव्हा मूर्ख होते.

नाव वल्हवायला असायची अक्का. अक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. नाव तिचीच होती. ती त्या तळ्यावर मासे धरायची, तिच्या आईनेही तेच केलं होतं. भल्या पहाटे जाळी काढायची, मासे बाजारात द्यायची आणि सोमवारी दहाला भावासाठी वल्ही हातात घ्यायची. तोंडाने मोठी फटकळ होती.

"झालं का तुझं ताट बुडवून?" ती विचारायची.

"ताट नाही गं, तबकडी म्हण तिला." तात्या माझी बाजू घ्यायचे.

"तेच ते. एवढा सरकारचा पगार घेतोस आणि दर सोमवारी ताट विसळतोस."

पण तळ्याबद्दल तिला जे कळायचं ते माझ्या दोरीच्या कुठल्याच गाठीला कळायचं नाही. पाण्यात हात घालून ती सांगायची, आज मासे खोलात आहेत. काठाच्या गवतात वाकून बघायची आणि बोटाएवढ्या पिल्लांची झुंड दिसली की खूश व्हायची. त्या पिल्लांना ती बोटुकली म्हणायची. "बोटुकली आहेत तोवर मला काळजी नाही. मोठे मासे काय, आज आहेत, उद्या जाळ्यात," असं ती म्हणे.

मग दोन वर्षं पाऊस फार पडला. तळ्याच्या पूर्वेच्या काठाची माती ढासळून पाण्यात येऊ लागली. पाणी गढूळ झालं. माझा आकडा चारवरून दोनवर आला आणि एका सोमवारी तर एकवर. वरच्या कचेरीतून पत्र आलं की नितळपणा वाढवण्यासाठी तातडीने उपाय करावा. तात्यांचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. ढासळत्या काठावर दगड रचायचा, म्हणजे माती जागची हलणार नाही. दगडही जवळच होता. डोंगरापलीकडे एक बंद पडलेली खाण होती आणि तिच्या तोंडाशी टाकाऊ दगडांचे ढीग वर्षानुवर्षं पडून होते. तात्यांनी सुबक अक्षरात अर्ज लिहिला, आणि तो मंजूर झाला.

महिनाभर ट्रक येत राहिले. काळसर दगड, आणि त्यात पिवळे चमकदार ठिपके. ऊन पडलं की सगळा काठ चमकायचा. तात्यांनी त्यातला एक दगड टेबलावर आणून ठेवला, कागद उडू नयेत म्हणून.

"सोनं लागलं की काय रे तुला?" अक्काने विचारलं.

"लागलं असतं तर तुझी नाव सोन्याने मढवली नसती का?"

"नको बाबा. बुडेल." अक्का हसली. तात्याही हसले.

मित्रांनो, पुढच्या पावसानंतर चमत्कारच झाला. सोमवारी मी खाली गेले आणि तात्या मोजत राहिले. चार, पाच, सहा. सहाव्या गाठीला मी दिसत होते! त्यांनी डोळे चोळले आणि मला पुन्हा सोडलं. सहाच. थंडी संपेपर्यंत मी आठ गाठींवर दिसू लागले आणि उन्हाळ्यात दहावर. पाण्याला निळसर झाक आली. रस्त्याने जाणारे लोक थांबून तळं बघू लागले. साहेबांनी तात्यांची पाठ थोपटली. तात्यांची मान ताठ झाली आणि माझीही, म्हणजे मला मान असती तर झाली असती.

आता त्या कचेरीचा एक नियम तुम्हाला सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच आलं. खिडकीजवळच्या फळीवरच्या ज्या बाटल्या म्हटल्या ना, त्यांत दर तीन महिन्यांनी तळ्याचं पाणी भरून शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं असे. तिथे ते पाणी आंबट आहे की खारट, त्यात काय विरघळलं आहे, ते बघत. पण नियमाच्या कागदावर एक ओळ होती. सलग तीन महिने दहा गाठींपर्यंत पाणी नितळ असेल, तर बाटली पाठवायची गरज नाही. ही ओळ कुणी आणि कशासाठी लिहिली होती कोण जाणे. इतकं नितळ पाणी वाईट असूच शकत नाही, असं त्या माणसाला वाटलं असावं. तात्यांनाही तसंच वाटलं. त्यांनी बाटल्या धुतल्या, उलट्या करून फळीवर ठेवल्या आणि वहीत लिहिलं, 'पाणी उत्तम. नमुना पाठवला नाही.' असं त्यांनी पुढे तीन वर्षं लिहिलं. आणि तो आकडा त्यांना देणारी होते मी.

दरम्यान माझ्या अंगाचा रंग उडायला लागला होता. पूर्वी एकदा रंगवलं की मला पाच वर्षं बघायला नको. आता चार महिन्यांत पापुद्रे सुटत. तात्यांनी रंगाऱ्याला बोलावून चांगलं फैलावर घेतलं.

"पाणी घातलंस का रे रंगात?"

"तात्या, देवाशपथ नाही! दोन हात मारलेत, खाली अस्तर दिलंय. माझ्या घराच्या दाराला हाच रंग आहे. या, बघून जा."

"मग हिचाच का उडतो?"

"आता ते हिलाच विचारा." रंगारी वैतागून म्हणाला आणि तिसऱ्यांदा मला रंगवायला बसला. माझी कडा त्याच्या बोटाला खरखरीत लागली. त्याने ती पॉलिशच्या कागदाने घासली आणि गंज झाकून टाकला. मला तेव्हा बरंच वाटलं. नवा रंग कुणाला आवडत नाही?

अक्काच्या जाळ्यात त्या दिवसांत मोठाले मासे येत होते. कमी, पण मोठे. बाजारात लोक तोंडात बोटं घालत. तात्या म्हणाले, "बघ, पाणी सुधारल्यावर मासेसुद्धा कसे पोसले!" अक्का काठाच्या गवतापाशी नाव नेऊन वाकून बघत राहिली. खूप वेळ बघितलं. मग दुसऱ्या जागी गेली, तिथेही बघितलं.

"तात्या, बोटुकली कुठायत?"

"असतील खोलात."

"बोटुकली खोलात नसतात. आणि गोगलगायी? या लव्हाळ्यांना नुसत्या लगडलेल्या असायच्या. एकसुद्धा नाही. बेडूकही ओरडत नाही हल्ली."

"तू पण ना अक्का! पाणी बघ की. आरशासारखं आहे."

"आरशात काय दिसतं? आपलंच तोंड." ती म्हणाली.

पुढच्या हंगामात तिने एका लव्हाळ्यावरची माशांची अंडी डब्यात भरून आणली आणि तात्यांच्या टेबलावर ठेवली. अंडी पारदर्शक असायला हवी होती. ती पांढरी पडली होती. तिने बोटाने दाबली तेव्हा ती लगेच पिचली. दुसऱ्या हातात तिने जुन्या गोगलगायीचं कवच आणलं होतं. ते इतकं पातळ झालं होतं की त्यातून उजेड येत होता. तात्यांनी दोन्ही वस्तू पाहिल्या, मग वहीकडे पाहिलं. वहीत बारा गाठी लिहिलं होतं.

"अंडी कधी कधी खराब होतात गं. उगाच अभद्र बोलू नकोस. पुढच्या आठवड्यात साहेब येणार आहेत."

अक्काने डबा उचलला आणि गेली. खुंटीवरून मला तात्यांचा चेहरा दिसत होता. त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती, हे मी पैजेवर सांगते. पण माणसाची पाठ सगळे थोपटत असतात तेव्हा मागे वळून बघणं जिवावर येतं.

पुढच्या सोमवारी साहेब आले. बरोबर दहा-बारा लोक, एक फोटो काढणारा, आणि 'सर्वांत स्वच्छ तळं' असं कोरलेला पितळी फलक. दोन नावांमधून सगळे मध्यावर गेले. तात्यांनी मला सोडलं. ते मोठ्याने मोजत होते आणि लोक त्यांच्यामागे म्हणत होते. बारा, तेरा, चौदा. सोळाव्या गाठीला दोरी सैल पडली. मी तळाला टेकले होते, आणि तरीही वरून त्यांना दिसत होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोरीतून तो थरथरत माझ्यापर्यंत आला.

मित्रांनो, मी इतकी वर्षं त्या पाण्यात जात होते, पण तळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तो भयंकर होता. एका काळपट हिरव्या शेवाळाची जाड गोधडी सगळीकडे पसरली होती. तिच्यावर पांढरे शिंपले पडले होते, तोंडं उघडी, आत काही नाही. एक माझ्या गोळ्याखाली आला आणि ओल्या कागदासारखा दबला. एकही अळी वळवळत नव्हती. कुठून बुडबुडासुद्धा येत नव्हता. शेजारी एक म्हातारा मोठा मासा उभा होता. मी एवढी धाडकन शेजारी येऊन पडले, तरी तो पळाला नाही. त्याच्या कल्ल्यांवर पांढरा चिकट थर साचला होता आणि तो धापा टाकत होता. वर टाळ्या चालू होत्या. मला ओरडावंसं वाटलं की अहो, थांबा, इथे खाली सगळे मेलेत! मी पत्रा आहे. मला फक्त दिसता येतं. मी तिथे पडून दिसत राहिले, आणि ते खूश होत राहिले.

अक्काने त्या दिवशी वल्ही धरली नाहीत. ती कचेरीत गेली, फळीवरची एक बाटली उचलली, काठावरून पाणी भरलं आणि बस पकडून शहरात गेली. कुणाला विचारलं नाही.

चार दिवसांनी प्रयोगशाळेतल्या बाई स्वतःच आल्या. हातात एक छोटी पेटी होती. त्यांनी आधी तळ्याला अर्धी फेरी मारली. पूर्वेच्या काठाशी त्या थांबल्या. दगडांच्या फटींतून पाणी झिरपत होतं आणि ते जिथून वाहत होतं तिथे गंजासारखा नारिंगी गाळ साचला होता. त्या पाण्यात त्यांनी एक कागदाची पट्टी बुडवली. पट्टी लालभडक झाली. मग त्या कचेरीत आल्या, टेबलावरचा चमकता दगड त्यांनी हातात घेतला आणि विचारलं, "हा कुठला?"

"खाणीचा. काठाला लावलाय." तात्या म्हणाले.

"यात गंधक आहे. जमिनीच्या पोटात असतो तोवर निमूट असतो. त्याला हवा आणि पाणी लागलं की त्यातून ॲसिड तयार होतं. बॅटरीत असतं ना, तेच, फक्त पातळ. गेली चार वर्षं ते थेंब थेंब तळ्यात उतरतंय."

"अहो पण पाणी एवढं नितळ..."

"म्हणूनच नितळ आहे तात्या. पाण्याला जो हिरवट रंग असतो तो त्यातल्या बारीक जिवांचा. ते मेले. ॲसिडने मातीतलं ॲल्युमिनियम सुटलं, त्याने उरलासुरला धुरळा ओढून तळाशी नेला. तेच माशांच्या कल्ल्यांवर बसतं, त्यांना श्वास घेता येत नाही. अंड्यांतून तर पिल्लंच बाहेर येत नाहीत. म्हातारे मासे तेवढे तग धरतात आणि खाणारी तोंडं कमी म्हणून मोठे दिसतात."

तात्या खुर्चीत बसले. बाईंची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि नखाने रंगाचा एक पापुद्रा उचलला. खाली माझी कडा चाळणीसारखी झाली होती.

"ही कशी काय एवढी झिजली?"

"रंग टिकत नाही हिच्यावर," तात्या कसंबसं म्हणाले. "दर चार महिन्यांनी देतो."

बाईंनी तो पापुद्रा टेबलावर त्या चमकत्या दगडाशेजारी ठेवला. तात्यांनी मला त्यांच्या हातून घेतलं आणि माझ्या कडेवरून बोट फिरवत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्का दारात उभी होती. ती आत आली नाही.

पुढच्या आठवड्यात वरच्या कचेरीत बैठक झाली. तात्या मला पिशवीत घालून घेऊन गेले होते, म्हणून मी ती ऐकली. साहेब अस्वस्थ होते. फलकाचे फोटो सगळीकडे गेले होते. "तात्या, वर्षभराने तुम्ही निवृत्त होताय. कशाला उगाच आग्या मोहोळात हात घालता? एवढ्या वर्षांच्या नोंदी आहेत, तुमच्याच सहीच्या. त्या खोट्या आहेत का?"

"नोंदी खऱ्या आहेत साहेब. आणि तळं मेलंय तेही खरं आहे." तात्यांनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. "दगड मी मागवला. बाटल्या मी बंद केल्या. माझ्या सख्ख्या बहिणीने अंडी आणून समोर ठेवली, तेव्हा मी तोंड फिरवलं. हे सगळं मी लिहून देतो. पण दगड उचला."

त्यांनी खरंच लिहून दिलं, त्याच सुबक अक्षरात. फलक भिंतीवरून उतरला. लोक तात्यांना रस्त्यात टाळू लागले. कुणी तोंडावरच म्हणालं, हाच तो, ज्याने तळं मारलं.

दगड काढायला दोन उन्हाळे लागले. ते पुन्हा खाणीत नेऊन मातीखाली गाडले. काठाला चुनखडीचा दगड आला आणि त्याची भुकटी तळ्यात टाकायची ठरली, म्हणजे ॲसिडचा जोर मरतो. तोवर अक्काचं जाळं रिकामं यायला लागलं होतं. म्हातारे मासेही संपले. तिने नाव काठावर उलटी घातली आणि इस्पितळात चादरी धुण्याचं काम धरलं. भावाशी ती बोलेनाशी झाली. भांडली असती तर बरं, असं तात्यांना वाटायचं. निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी तळ्यावर येत, उसनी नाव घेत आणि एकटेच भुकटी टाकत. एका हाताने वल्हवायचं, दुसऱ्या हाताने बादली उचलायची. नाव जागच्या जागी गरगर फिरायची. एका रविवारी अक्का आली. नावेत चढली आणि तिने वल्ही त्यांच्या हातातून काढून घेतली.

"सरक तिकडे. तळ्याला चुना लावतोयस की स्वतःला?"

तात्या डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले होते. ते हसले आणि मग तिथेच, बादली धरून, लहान पोरासारखे रडले. अक्काने त्यांना रडू दिलं. नाव मात्र सरळ ठेवली.

त्याला आता सहा वर्षं झाली. कचेरीत नवा राखणदार आला आहे. त्याच्याकडे प्लास्टिकची नवी तबकडी आहे, आणि पाणी कितीही नितळ असलं तरी तो दर महिन्याला बाटल्या पाठवतो. मी खुंटीवर असते. पण गेल्या सोमवारी तात्या आले, काठी टेकत. अक्काही आली. तिचे गुडघे आता धरतात, नावेत चढायला तिला तात्या आणि राखणदार दोघांचा हात लागला. तात्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि आम्ही तिघं पुन्हा मध्यावर गेलो.

मी खाली निघाले. एक, दोन, तीन. तिसऱ्या गाठीनंतर सगळीकडे हिरवट धुकं आलं. तेच ते जुनं, मला राग यायचा ते. वर तात्या म्हणत असतील, दिसत नाही. आजवर कुणी मला दिसत नाही म्हटलं आणि मला आनंद झाला, असं पहिल्यांदाच घडलं. तात्यांनी मला तिथेच राहू दिलं.

तेवढ्यात माझ्या झिजलेल्या कडेला काहीतरी टोचलं. अगदी हळू. मग दुसरीकडे. माझ्या अंगावर वर्षानुवर्षांचा मळ होता, तो कुणीतरी टिपत होतं. मी पाहिलं. बोटुकली होती! तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यातून खाली आली असावीत. एवढ्याएवढ्या पाठी, आरपार दिसणारे पर, आणि तोंडं सारखी चालू. मी मोजली. तात्यांनी मला मोजायचंच वळण लावलं आहे. सात होती.

मग दोरीला ओढ बसली आणि ती सगळी धुक्यात पळाली. मी वर आले तेव्हा अक्का पाण्याकडे वाकून बघत होती.

"काय रे, असतील का?" तिने विचारलं.

"दिसत तरी काही नाही." तात्या म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

"पुढच्या वर्षी मला नाही रे जमायचं आता," अक्का म्हणाली. तिने वल्ही उचलली आणि नाव काठाकडे वळवली.

मित्रांनो, तेव्हापासून मी या खुंटीवर तळमळते आहे. मला बोलता येत नाही आणि त्या धुक्यातून वर काही दिसलं नाही. तुम्ही नदी-तळ्याच्या काठी जाल तेव्हा नुसतं पाणी किती नितळ आहे ते बघून माघारी फिरू नका. गवतात वाका, दगड उलटा करून बघा, तिथे राहणाऱ्यांना विचारा, आणि कुणी डबा घेऊन दारात आलं तर त्याचं ऐका. माझं एवढं मागणं आहे. आणि अजून एक आहे. तुमच्यातलं कुणी त्या तळ्याकडे गेलं तर इस्पितळाच्या मागे, चादरी वाळत घालतात तिथे जा. अक्का तिथे असते. तिला सांगा, तिसऱ्या गाठीखाली सात आहेत.